करवत कोणती ठेवायची? भास्कराचार्यांच्या गणितापासून नानांच्या पेटीपर्यंत

आज बोलण्याआधी एक आवाज ऐकवतो.

(करवतीचा आवाज, साधारण दहा सेकंद)

जे हा भाग वाचतायत त्यांच्यासाठी: आधी खर्र खर्र असा अडखळता आवाज येतो, मग तो एका सुरात लागतो. पहिला अर्धा माझा हात आहे, दुसरा अर्धा नानांचा. लाकूड तेच, करवतही तीच.

नाना म्हणजे माझे चुलते. धुळ्यात देवपुरात घराच्या मागे त्यांची पत्र्याची शेड आहे. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, आता गुडघे बोलतात म्हणून बंद. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा दारात भंगारवाला उभा होता आणि त्याच्या वजनकाट्यावर नानांच्या करवती होत्या. चार करवती, साडेतीन किलो. किलोला तीस रुपये. म्हणजे शंभरावर पाच. मी ओरडलोच. नाना म्हणाले, "इतली घाई कसाले? तुले पाहिजे तर एक काढी ले." एक काढून घे. एकच, कारण माझ्या पुण्यातल्या खोलीत जागा किती आहे ते त्यांना माहीत आहे. भंगारवाला रविवारी परत येणार होता. माझ्याकडे चार दिवस होते.

आता कोणती काढू? मी इतिहासाचा माणूस. मला काही कळत नसलं की मी आधी जुनी पुस्तकं उघडतो. तर हा भाग म्हणजे त्या चार दिवसांचा हिशेब आहे.

आधी पेटीत काय होतं ते सांगतो. पहिली, लोहारानं घडवलेली जुनी करवत. पातं जाडसर, मूठ बाभळीची, आणि दात उलटे, म्हणजे मुठीकडे वळलेले. ही पणजोबांची. दुसरी, शेफिल्डची मोठी करवत, पात्यावरचा छाप निम्मा पुसलेला. आजोबांनी भुसावळच्या बाजारात जुन्यात घेतलेली. तिसरी टेनन सॉ, बारा इंची, पाठीवर पितळेची पट्टी. आणि चौथी, पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीची, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात लटकलेली दिसते ती. पाचवी मी स्वतः ऑनलाइन मागवलेली: जपानी दोझुकी, कागदासारखं पातं. तीही बॅगेत होती. मला नानांना दाखवायची होती, खरं तर जरा मिरवायचं होतं.

शब्दापासून सुरू करू. करवत हा शब्द संस्कृत 'करपत्र'वरून आला. सुश्रुतसंहितेत शल्यक्रियेच्या वीस शस्त्रांची यादी आहे, तिच्यात करपत्र आहे, हाडं कापण्यासाठी. म्हणजे आपल्या सुताराची करवत आणि वैद्याची करवत एकाच नावाची. पुढं हे दात आपल्या डोळ्यांत इतके बसले की विदर्भातल्या टसर साडीच्या काठावरही जाऊन बसले, करवतकाठी साडी ती हीच. करवतीला संस्कृतात दुसरंही एक नाव आहे, 'क्रकच'. मोठ्यानं म्हणून बघा. क्र-कच, क्र-कच. हे नाव ठेवणाऱ्यानं लाकूड कापताना ऐकलं होतं यात मला तरी शंका नाही.

आणि हा क्रकच शब्द आपल्याला थेट खानदेशात घेऊन येतो.

चाळीसगावहून दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. पाटणादेवीला तुमच्यातले पुष्कळ जण पावसाळ्यात धबधबा बघायला जातात, रील काढतात, परत येतात. तिथल्या देवळात एक शिलालेख होता, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. लेख आहे इ.स. १२०७चा. चांगदेव नावाच्या ज्योतिषानं, जो यादव राजा सिंघणाच्या दरबारी होता, पाटणला एक मठ काढला. कशासाठी? आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. लेखाच्या शेवटच्या ओळी तर जुन्या मराठीत आहेत आणि बाजारातल्या कुठल्या उत्पन्नातून मठाला काय मिळायचं ते त्यांत सांगितलंय. म्हणजे पाटणच्या व्यापाऱ्यांच्या आणि तेलाच्या घाण्यांच्या पैशावर गणिताचे वर्ग चालायचे. हे आजोबा म्हणजे भास्कराचार्य. जन्म १११४, आणि छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, 'सिद्धान्तशिरोमणी' लिहून पूर्ण. त्याचाच पहिला भाग 'लीलावती'. त्यांचं स्वतःचं गाव नेमकं पाटणच का, यावर विद्वानांचे वाद आहेत. पण त्यांचं गणित पाटणला शिकवलं जायचं हे दगडावर कोरलेलं आहे.

आणि या लीलावतीत 'क्रकचव्यवहार' नावाचं प्रकरण आहे. अख्खं प्रकरण करवतकामाच्या हिशेबावर!

त्यातलं पहिलं उदाहरण माझ्या भाषेत सांगतो. एक ओंडका आहे. बुंध्याशी जाडी वीस अंगुळं, शेंड्याशी सोळा, लांबी शंभर. तो लांबीत चार ठिकाणी चिरायचा. काम किती झालं? (भास्कराचार्य वीस हा आकडा 'नखं' म्हणून सांगतात, हातापायाची मिळून वीस, आणि सोळा म्हणजे 'राजे'. आकडे असे शब्दांत लपवायची तेव्हा पद्धतच होती.) आता गणित: वीस आणि सोळाची सरासरी अठरा. अठरा गुणिले शंभर, अठराशे. गुणिले चार चिरा, ७,२००. एका हाताची चोवीस अंगुळं, म्हणून चौरस हातासाठी ५७६ नं भागायचं. उत्तर साडेबारा चौरस हात. अंगुळ साधारण पाऊण इंच धरलं तर हा ओंडका सव्वासहा फुटांचा होतो, अगदी आपल्या वखारीत पडलेला असतो तसा.

यात भास्कराचार्यांनी काय मोजलं ते बघा. लाकडाचं घनफळ नाही मोजलं. चिरून निघालेला पृष्ठभाग मोजला. कारण करवत ओढणाऱ्याचा घाम त्या पृष्ठभागावर सांडतो. लाकूड कितीही महाग असो, त्याचं काम साडेबारा हात.

मग ते दुसरा नियम देतात, लाकूड आडवं कापायचं असेल तर. तिथं रुंदी गुणिले जाडी, गुणिले कापांची संख्या. बत्तीस रुंद, सोळा जाड, नऊ काप: आठ चौरस हात. उभं चिरणं वेगळं, आडवं कापणं वेगळं. आज तुम्ही यूट्यूबवर करवतीचा कुठलाही व्हिडिओ लावा, पहिल्या मिनिटात 'रिप' आणि 'क्रॉसकट' हे दोन शब्द येतील. ती हीच विभागणी. चिरणाऱ्या करवतीचे दात छोट्या पटाशींसारखे असतात, तंतूंच्या दिशेनं लाकूड खरवडत जातात. आडव्या करवतीचे दात चाकूच्या टोकांसारखे, आधी तंतू कापतात मग भुसा काढतात. चुकीचे दात घेतले तर एकीत वेळ जातो आणि दुसरीत कडा फाटते.

आणि प्रकरणाच्या शेवटी भास्कराचार्य जे म्हणतात त्यापाशी मी थांबलो. ते म्हणतात, विटा रचणं असो, दगड रचणं असो, खोदकाम असो की करवतकाम, मोल ठरतं ते कारागिराशी झालेल्या बोलीनं आणि माल मऊ आहे की कठीण यावरून. त्यांच्या पाचशे वर्षं आधी ब्रह्मगुप्तानंही, ज्याचा ग्रंथ ६२८ सालचा, सागाला एक भाजक, सावरीला दुसरा, असे लाकडाच्या जातीप्रमाणे वेगवेगळे आकडे दिले होते. सावर म्हणजे काडेपेटीच्या काड्यांचं लाकूड, लोण्यासारखं कापलं जातं. तिथं जास्त कापलं तेव्हा कुठं एक काम भरायचं.

हे मी नानांना रात्री जेवताना मोबाइलवरून वाचून दाखवलं. नाना चावायचे थांबले. मग म्हणाले, "मंग हाई माले कोनी सांगं का नही?"

त्याचं कारण आहे. मी तिसरीत असताना नानांनी एका शाळेच्या बाकांचं काम उक्तं घेतलं होतं. नमुन्याचा बाक सागाचा, भाव त्यावरून ठरला, प्रत्येक बाकामागे. लाकूड शाळा देणार होती. आलं ते बाभळीचं, तेही चांगलं वाळलेलं. वाळलेली बाभूळ म्हणजे काय ते ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना विचारा. नाना रोज संध्याकाळी करवतीला कानस मारायचे, पत्र्याखाली कंदील घेऊन, आणि तो किर्रर्र आवाज मला अजून आठवतो. भाव मात्र सागाचाच राहिला. काम पूर्ण केलं, कारण शब्द दिला होता. त्या दिवाळीला आम्हाला कपडे झाले नाहीत. नऊशे वर्षांपूर्वीचा नियम होता, आणि तोही आमच्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर शिकवला गेलेला.

बलुत्याच्या काळात तर हा प्रश्न वेगळाच होता. गावचा सुतार नांगर, वखर, तिफण दुरुस्त करायचा आणि खळ्यावर धान्य घ्यायचा. १९१५ साली आलेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा'त ही व्यवस्था तपशिलानं आलीय. तिथं करवत किती चालली ते कोणी मोजत नव्हतं. पणजोबांची उलट्या दातांची करवत त्या जगातली.

आता ते उलटे दात. लोक विचारतात, करवत ढकलताना कापते की ओढताना? आपल्याकडच्या जुन्या करवती ओढताना कापायच्या. सुतार जमिनीवर बसायचा, लाकूड पायाच्या बोटांत दाबून धरायचा, आणि करवत स्वतःकडे ओढायचा. प्राचीन इजिप्तमध्येही तसंच. त्यांचं पातं तांब्याचं, मऊ. ढकललं की वाकणार. ओढलं की ताणून सरळ राहतं. दोरीसारखं समजा. दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. त्यामुळं ओढण्याच्या करवतीला पातं पातळ चालतं, लोखंड साधं चालतं. गावचा लोहार ती घडवू शकतो.

ढकलायची करवत हवी तर पोलाद चांगलं हवं. १७४०च्या दशकात शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समन यानं मुशीत वितळवलेलं एकजिनसी पोलाद तयार करायला सुरुवात केली, आणि पुढं शेफिल्डच्या करवती जगभर गेल्या. लीलावतीचा कोलब्रुकनं केलेला इंग्रजी अनुवाद १८१७ साली आला आणि दुसऱ्याच वर्षी, १८१८ला, पेशवाई जाऊन खानदेश इंग्रजांकडे गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, मला फक्त शेजारी ठेवायला आवडतात. खरी उलथापालथ रेल्वेनं केली. १८६०च्या दशकात रूळ भुसावळला पोहोचले, तिथं रेल्वेची मोठी वस्ती उभी राहिली. रेल्वेच्या कामात सुतार उभा राहून काम करतो: कमरेइतकं बाकडं, लाकूड धरायला वाईस, आणि वरून अंगाचं वजन टाकून ढकलायची करवत. करवतीबरोबर माणसाची बसण्याची जागाही बदलली. आमच्या घरात हे एका पिढीत झालं. पणजोबा पाटावर, आजोबा बाकड्याशी.

बरं, इतिहास पुरे. गुरुवारी सकाळी मी आणि नाना शेडमध्ये बसलो. पाऊण इंची सागाची फळी, तिला डोव्हटेल काढायचे. कबुतराच्या शेपटीसारखा पुढं पसरत जाणारा सांधा, ड्रॉवरच्या कोपऱ्यात असतो तो. एकदा बसला की ओढून सुटत नाही. आणि तो बसणं सगळं करवतीवर असतं, पटाशी नंतर थोडंच सावरते.

पिवळी मूठ आधी घेतली. झपाट्यानं गेली, पण चीर दीड मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि कडा ओरबाडलेल्या. तिचे दात विजेनं तापवून इतके कडक केलेले असतात की कानस लागत नाही. निळसर झाक दिसते ना दातांवर, ती त्याची खूण. धार गेली की फेकायची. घराचं फर्निचर खोलायला, प्लायवूड कापायला ठीक. सांध्याला नको. भाड्यानं राहणारे आणि वर्षात दोनदा करवत हातात घेणारे असाल तर मात्र हीच घ्या, उगाच लाजू नका.

शेफिल्डची मोठी फळ्या चिरायला अजून देखणी चालते, पण या कामाला हत्तीनं सुईत दोरा ओवण्यासारखं.

मग माझी जपानी. पातं ०.३ मिलिमीटर, पाठीला आधाराची पट्टी. सागात अशी गेली की नानांनी चष्मा पुसून चीर पाहिली. केसाएवढी. मी फुशारलो. नानांनी न बोलता बाभळीचा एक तुकडा पुढं केला, गाठीचा. सहाव्या-सातव्या ओढीला टक्क असा आवाज आला. दोन दात गेले. चूक करवतीची म्हणता येणार नाही. ती सुगी आणि हिनोकीसारख्या मऊ, सरळ तंतूंच्या लाकडांवर वाढलेल्या परंपरेतली आहे. आपल्या सागातही वाळूचा अंश असतो, सिलिका, तो धार खातो. साग दिसतो सभ्य, पण कानस संपवतो.

टेनन सॉ. पितळेच्या पाठीमुळं पातं पातळ असूनही वाकत नाही आणि वजन वरून आपोआप पडतं. इंचाला तेरा दात, नानांनी चिरायच्या पद्धतीनं घासलेले, कारण डोव्हटेलच्या चिरा तंतूंच्या दिशेनंच जातात. दात एकाआड एक डावी-उजवीकडं थोडे फाकवलेले, नाहीतर पातं लाकडात अडकतं. ही युक्ती प्लिनी या रोमन लेखकानंही नोंदवलीय, दोन हजार वर्षांपूर्वी. माझी पहिली चीर तिरकी गेली. नानांनी मनगट धरलं. "करवतले चालू दे. तू फक्त सोबत जाय." तर्जनी मुठीवर सरळ पुढं, दाब जवळपास शून्य, आणि रेघ खायची नाही, रेघेच्या बाहेर टाकाऊ बाजूला चालायचं. चौथ्या प्रयत्नात रेघ शिल्लक राहिली.

राहिली पणजोबांची. बाकड्याशी उभं राहून ती माझ्या हातात नुसती उड्या मारत होती. मी म्हणालो, ही शोपीस आहे. नाना उठले, गुडघ्यावर हात ठेवून कसेबसे पाटावर बसले, फळीचा तुकडा दोन्ही पायांत धरला आणि करवत ओढली. सुरुवातीचा तो सलग सूर आठवतो? तो हा. चीर रुंद, पण गुण्या लावून पाहिली, काटकोनात. मी पाटावर बसून केलं तर माझीही बऱ्यापैकी सरळ गेली. बाकड्यासमोर जिला मी शोपीस म्हणालो होतो, ती मीच.

तुम्हाला विकत घ्यायची असेल तर एवढं बघा. आधी ठरवा, तुम्ही बसून काम करणार की उभं राहून. मग लाकूड. मग चिरायचंय की कापायचंय. लाकडाच्या जाडीत एका वेळी पाच-सहा दात तरी बसले पाहिजेत. पातं डोळ्यासमोर धरून पाठीवरून पाहा, वाक असेल तर परत टांगा. आणि दुकानदाराला विचारा, याला कानस लागते का? नाही म्हणाला तर तुम्ही करवत भाड्यानं घेताय, एवढं लक्षात ठेवून पैसे द्या. ब्रँड शेवटी.

रविवारी भंगारवाला आला. शेफिल्डची त्यानं नेली, पिवळीही. टेनन सॉ मी घेतली, ती मला जमते. पणजोबांची काट्यावर होती. भंगारवाला माणूस बरा होता, त्यानं दात उलटे पाहून विचारलं, "चाचा, ये उलटी क्यूं है?" नाना हसले आणि त्याला पाटावर बसवून दाखवायला लागले. अर्धा तास गेला. ती करवत मग काट्यावरून कोणीच उचलून टेम्पोत टाकली नाही. सध्या ती शेडमध्ये खिळ्यावर आहे, शेजारी नानांचा पाट.

बाभळीच्या बाकांचा हिशेब मी तेवढ्यात करून पाहिला, भास्कराचार्यांच्या रीतीनं, चौरस हातांत. आकडा नानांना सांगितला. ते म्हणाले, परत एकदा सांग.